ढब्बूचं मुसकं

आमच्या दवाखान्यात अख्खं कुत्रं कुणाच्याच वाट्याला येत नाही. डोळे डोळेबाईंचे, कातडी कातडीवाल्यांची आणि मूत्रपिंडं मोठ्या डॉक्टरांची. दवाखानाही त्यांचाच, म्हणून त्यांना मोठे म्हणायचं. उंचीनं ते माझ्या खांद्याला लागतात. मी भूल देते. माझ्या नावावर एकही अवयव नाही, त्यामुळे चहाच्या वेळी प्रत्येकजण बाकीच्यांची गाऱ्हाणी माझ्यापाशी आणून ओततो. दुसऱ्याच्या अवयवाला हात लावायचा नाही, हा इथला नियम. लावलाच तर दुसऱ्या दिवशी त्या हातावर मीटिंग होते.

शिंपीकाका ढब्बूला घेऊन पहिल्यांदा आले, तेव्हा त्याच्या ओठांच्या कडा लाल झाल्या होत्या, म्हणून त्याला कातडीवाल्यांकडे पाठवलं. ढब्बू म्हणजे काकांचा म्हातारा, तपकिरी, चांगला जाडजूड कुत्रा. काकू गेल्यापासून दिवसभर दुकानात शिलाई मशीनखाली काकांच्या पायाशी पडून असायचा.

"तोंडाला वास येतो हो याच्या," काका म्हणाले, "आणि पंजानं सारखं थोबाड घासतो. खाणंही टाकलंय."

कातडीवाल्यांनी ओठ वर करून बघायला जबडा धरला आणि ढब्बूनं त्यांचं बोट फोडलं.

त्याच दिवशी ढब्बूच्या पट्ट्याला लाल फीत लागली. लाल फीत म्हणजे चावरा. अशा जनावराचं मुसकं दवाखान्यात कुणी काढायचं नाही. नियम वाईट नाही, माझ्याही मनगटावर दातांच्या खुणा आहेत. पण दुखत होतं म्हणून तो चावला, चावला म्हणून मुसकं बसलं, आणि मुसकं बसल्यावर दुखतंय कुठे ते बघायची सोयच राहिली नाही. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तोंड हा आमच्याकडे कुणाचाच अवयव नव्हता.

दवाखान्याचं प्लास्टिकचं मुसकं ढब्बूच्या नाकाला घासायचं. मग काकांनी स्वतःच एक शिवून आणलं. बाहेरून जाड कापड, आतून मऊ अस्तर, कडेला दुहेरी शिलाई. मापाला इतकं नेमकं की जबड्याची फटसुद्धा दिसेना. कातडीवाल्यांनी त्या मुसक्याचं तोंड भरून कौतुक केलं. बोटं शाबूत राहणार म्हटल्यावर कौतुक सुचतंच.

पुढे तिघांनी त्याला पाळीपाळीनं तपासलं. कातडीवाल्यांना मुसक्याच्या कडेकडेनं बुरशी दिसली. वास तिचाच, असं म्हणून त्यांनी मलम दिलं. डोळेबाईंना डाव्या डोळ्याखालची सूज आणि डोळ्यातून येणारं पाणी दिसलं. नळी तुंबली आहे म्हणून त्यांनी थेंब दिले. वासाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, तो माझा विषय नाही. तपासताना मात्र नाकाला रुमाल लावून बसल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांनी रक्त काढलं, आकडे वाढलेले आले, आणि मूत्रपिंडं गेली की तोंडाला असाच वास येतो, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

मला शिसारी येते ती याची. यातला एकही जण मूर्ख नाही. बुरशी होती, सूज होती, आकडेही वाढलेले होते. प्रत्येकाला आपल्यापुरतं उत्तर मिळालं आणि प्रत्येकजण हात धुऊन मोकळा झाला. हात धुण्यात तर आमच्याकडे कुणी कुणाला हार जाणार नाही.

काका तिघांनाही पंजाचं सांगत राहिले. तिघंही माना डोलवत राहिले. ढब्बूच्या बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी काकांना समोर बसवलं आणि आवाज मऊ करून सांगितलं, आता याचे हाल करू नका, शांतपणे झोपू द्या त्याला. काकांनी रविवार मागून घेतला आणि सोमवारी दुपारी त्याला घेऊन आले.

हे काम माझं. भुलीचाच पुढचा टप्पा, असं मोठे डॉक्टर म्हणतात आणि तेवढ्या वेळापुरते केबिनमध्ये जातात.

काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ढब्बूला त्यांनी टेबलावर ठेवलं, त्याच्या मानेखाली आपला रुमाल चौघडी करून सरकवला आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, त्याला कळणार तर नाही ना?"

"नाही काका. आधी झोपेचं देते. गाढ झोपला की मग दुसरं."

"मग दुसऱ्याच्या वेळी मला बोलवा. झोपेपर्यंत मी थांबतो, मग जरा बाहेर जाऊन येतो. इथे रडलो तर त्याला कळेल."

मी झोपेचं इंजेक्शन दिलं. काका त्याच्या कानामागे खाजवत काहीतरी पुटपुटत होते. दुकानातल्याच गोष्टी होत्या, कुणाची पँट लांब झाली, कुणी माप देऊन परत आलंच नाही. ढब्बूचं अंग सैल पडलं. काकांनी कानावरचा हात काढला आणि ते बाहेर गेले.

शेवटचं औषध मी आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं. मग मी मुसकं सोडलं. मुसकं बांधून कुणाला पाठवायचं नाही, एवढा एक हट्ट माझा आहे आणि त्यावर मोठ्या डॉक्टरांनीही कधी मीटिंग घेतलेली नाही.

मुसकं निघालं आणि वास आला. सडलेल्या जखमा मी पाहिल्या आहेत, किडे पडलेले कान धुतले आहेत, आणि त्यानंतर डबा उघडून जेवलेही आहे. पण हा वास मला सोसवेना. सिंकपाशी जाऊन उभी राहिले, तोंडावर पाणी मारलं आणि परत आले. ढब्बूची जीभ बाजूनं बाहेर लोंबत होती. काका येतील तेव्हा त्यांना ती तशी दिसू नये, म्हणून मी ती आत सारायला गेले आणि बोटाला वर काहीतरी टणक लागलं.

दिवा ओढून घेतला. टाळूवर, वरच्या दाढांच्या मध्ये, लाकडाचा एक तुकडा आडवा अडकून बसला होता. करंगळीएवढी फांदी, काळी पडलेली, दोन्ही टोकं हिरड्यांत घुसलेली. डावीकडचं टोक डोळ्याच्या बरोबर खाली. भोवतीचं मांस हिरवट, पिचपिचीत झालं होतं. मी चिमट्यानं धरून ओढला, तर तो सुटला आणि मागून पू आला, माझ्या हातमोज्यावरून मनगटापर्यंत. मी धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. दुसऱ्या इंजेक्शनला हात लावला नाही. तिघांना बोलावून घेतलं.

मला वाटलं होतं, निदान कुणीतरी मान खाली घालेल.

मोठ्या डॉक्टरांनी तुकडा दिव्याखाली धरला. "एक्स-रे काढला असता तरी लाकूड दिसलं नसतं," ते म्हणाले. हे पहिलं वाक्य. मग म्हणाले, "तरी मूत्रपिंडांचं राहतंच."

"पाणीच पीत नसेल तर कुठल्याही कुत्र्याचं रक्त असंच येईल," मी म्हणाले. "सलाईन लावा आणि मग बघा."

"सूज मात्र मी नेमकी दाढेच्या वरच दाखवली होती," रुमालाआडून डोळेबाई म्हणाल्या. "म्हणजे दिशा बरोबर होती."

कातडीवाल्यांनी बुरशीची आठवण करून दिली आणि मोबाईल काढला. तुकड्याचा एक फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून दुसरा, ढब्बूच्या उघड्या तोंडाचा तिसरा. पुढच्या परिषदेत मांडायला झकास केस आहे, असं म्हणाले, तिघांच्या नावानं. मग फोटोत पू नीट यावा म्हणून त्यांनी बोटानं ओठ वर केला. पहिल्या दिवशी चावल्यावर जिथे पुन्हा बोट न्यायला ते धजले नव्हते, तिथेच आता ते बिनघोर फिरत होतं, कारण कुत्रा झोपला होता आणि बघण्यासारखं काहीतरी होतं. त्या तोंडाच्या वासापेक्षा ते बोट मला घाण वाटलं. मी त्यांचा हात धरून बाजूला केला.

"बाहेर काय सांगायचं ते मी सांगतो," मोठे डॉक्टर म्हणाले.

काका बाकावर बसले होते. आम्हाला चौघांना एकदम येताना बघून उठले आणि त्यांचा चेहरा पडला. मी न बोलावताच सगळं उरकून टाकलं असं त्यांना वाटलं असावं.

"चांगली बातमी आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "केस फार गुंतागुंतीची होती, पण आमच्या टीमनं शेवटपर्यंत हार मानली नाही. खोलवरचा संसर्ग होता, तो आज काढला. ढब्बू जगेल."

काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडेनात. नुसते हात हलवत होते. आणि मोठे डॉक्टर ते हात धरू देत होते, चेहऱ्यावर जरा थकल्यासारखं हसू आणून. डोळेबाईंच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काडी होती काका," मी म्हणाले. "टाळूला लाकडाचा तुकडा अडकला होता. पहिल्या दिवसापासून तिथेच असणार. तुम्ही पंजाचं सांगत होतात ते त्याचंच. कुणी तोंड उघडून बघितलं नाही."

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत येत्या मीटिंगचा विषय, तारीख, सगळं होतं. कातडीवाल्यांनी मोबाईल खिशात टाकला.

काकांनी हात सोडले. "मुसकं काढलं असतं तर दिसलं असतं?"

"हो."

"मीच शिवलं होतं ते."

"तुम्ही आम्ही सांगितलं म्हणून शिवलंत. यात तुमचं काही नाही."

मग एकदम त्यांनी मला विचारलं, "तुम्ही आज बघायला म्हणून काढलंत?"

इथे हो म्हटलं असतं तर ते माझेही हात धरून बसले असते. ते मला आत्ताही दिसतं आहे.

"नाही. शेवटी मी सगळ्यांचंच काढते. बांधलेल्या तोंडानं जाऊ नये म्हणून."

"मग सापडलं कसं?"

"जीभ बाहेर आली होती. आत घालताना बोटाला लागलं."

"आणि जीभ बाहेर आली नसती तर?"

चौघांत आता मीच राहिले होते उत्तर द्यायला. बाकीचे तिघे भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत होते.

"टोचलं असतं," मी म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि ते आत गेले. ढब्बू जागा होत होता, डोळे अर्धवट उघडे, मागचा पाय हलत होता. काकांनी टेबलाकडे बघितलं, ट्रेमधल्या भरलेल्या इंजेक्शनकडे बघितलं.

"सलाईन दुसरीकडेही लावतात ना?" त्यांनी विचारलं.

"लावतात. आजच लावून घ्या. मी काय झालं ते लिहून देते, तिथे दाखवा."

कागद त्यांनी घेतला. खंगलं तरी एवढं मोठं कुत्रं एकट्याला झेपणार नाही, म्हणून मी ढब्बूच्या पोटाखाली हात घातला. काकांनी तो कोपरानं हळूच बाजूला केला.

"राहू दे," ते म्हणाले, आणि त्याला एकट्यानंच छातीशी धरून दारातून तिरके होत बाहेर पडले.