न्यायाधीशाचे कान

असाहेलने लगाम हलवला आणि प्रेमाने म्हटले, "चल बाळा, देवाचं नाव घे."

खेचराने देवाचे नाव घेतले नाही. त्याचे स्वतःचे नाव न्यायाधीश होते, आणि उभे राहायचे एकदा ठरले की तो निकाल फिरवत नसे.

कुंपणापाशी लोव्हिना पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिचा नवरा असाहेल परवाच लढाईवरून इंडियानातल्या या शेतावर परतला होता, गुडघा कायमचा ताठ करून. छावणीतल्या एका प्रवचनात त्याने शपथही घेतली होती: तोंडातून पुन्हा शिवी निघणार नाही. लढाईवर जाण्यापूर्वी त्याच्या शिव्या पार गावाबाहेरच्या गिरणीपर्यंत ऐकू जात.

"तीन वर्षं राबलीस. आता नांगर माझा, तू घर बघ," आल्या आल्या तो म्हणाला होता. लोव्हिनाने मान डोलावली आणि पावाची कणीक गरजेपेक्षा फार जोरात मळली. घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा खरकटी होत. नांगराने मातीत ओढलेला तास मात्र सकाळीही तसाच असे, आपण काढला तिथेच.

"म्हातारा झाला की काय हा?" असाहेलने घाम पुसला. "या आठवड्यात मका पेरला नाही तर हिवाळ्यात खायचं काय? तुझ्यासाठी कसा चालायचा गं?"

लोव्हिनाने बादली या हातातून त्या हातात घेतली. तो गेल्यानंतरच्या पहिल्या वसंतात तिनेही 'बाळा' म्हणून पाहिले होते. मग 'गाढवाच्या' म्हणून पाहिले. पण खेचराला ती शिवी लागत नाही, ती त्याची वंशावळ असते. शेवटी ओसरीवर मोजा विणत बसलेल्या सासूबाई कुंपणापर्यंत चालत आल्या होत्या.

"असाहेल काय म्हणायचा, आठवतं ना?"

"आठवतं. पण सासूबाई, तुमच्यासमोर..."

"मी बहिरी आहे," सासूबाई म्हणाल्या होत्या. त्या बहिऱ्या नव्हत्या.

आताही त्या ओसरीवरूनच ओरडल्या, "दे रे नांगर तिच्या हातात! आणि तू इकडे येऊन लोणी घुसळ. घुसळताना स्तोत्र म्हण. मोठ्यानं म्हण, मला कमी ऐकू येतं."

असाहेल लंगडत ओसरीवर पोचेपर्यंत लोव्हिना थांबली. मग न्यायाधीशाच्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली. कुजबूज न्यायाधीश कामकाजात धरत नसे. तिने ओसरीकडे एकदा पाहिले, मोठा श्वास घेतला आणि तेच गिरणीला ऐकू जाईल असे म्हटले.

खेचर चालू लागले. काळी माती उलटत गेली.

ओसरीवर घुसळणे थांबले होते. असाहेल घुसळणीचा दांडा धरून बसला होता. जवळजवळ सगळे शब्द त्याचे होते, चालसुद्धा त्याचीच. तो हलकेच म्हणाला, "आई, शेवटची शिवी माझी नव्हती."

मोज्याच्या टाचेवरून सासूबाईंनी नजर उचलली नाही.

"तुझ्या बाबांची ती. चर्चचे डीकन होते ना, मानाचं पद, म्हणून फक्त शेतात वापरायचे."

समोरचा तास सुतासारखा सरळ पडला होता. तसा असाहेलला कधी जमला नव्हता. शेताच्या टोकाला लोव्हिना खेचर वळवण्यासाठी थांबली आणि तिने पुन्हा श्वास भरून घेतला.

असाहेलने दांडा उचलला आणि वेळेवर स्तोत्र सुरू केले, चांगल्या खड्या आवाजात.