अर्ध्यावर झोपलेली विंडोज

मुलांनो, क्षणभर असं समजा, की तुमच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट एका डब्यात बंद आहे, आणि डबा जबरदस्तीने उघडला तर ती कायमची पुसली जाणार. बदलापूरच्या एका घरात रविवारी सकाळी उन्मेष असाच अडकला होता.

"पुन्हा तेच!" त्याने टेबलावर मूठ आपटली. "म्हणे विंडोज झोपलीय, ड्राइव्ह जोडता येणार नाही. अगं, झोपलीयस तर ऊठ ना!"

लॅपटॉप त्याच्या वडिलांचा, विष्णुपंतांचा. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर ते नातीसाठी, राजसीसाठी, त्यावर गोष्टी बोलून ठेवत. उल्हास नदीतल्या एका आगाऊ खेकड्याच्या. गणपतीनंतरच्या नव्या गोष्टीत खेकडा जांभूळ गावातल्या पाण्याच्या पाइपात अडकला. एका दुपारी "झाली बरं का गोष्ट!" असं बायकोला ओरडून सांगितलं आणि विष्णुपंत खुर्चीतच कलंडले. सुहासिनीबाईंनी घाबरून लॅपटॉपचं झाकण मिटलं, आणि विंडोज त्या गोष्टीसकट झोपी गेली. सेव्ह करायचं कुणाला सुचणार? विष्णुपंत वाचले, पण बोलणं गेलं आणि उजवा हात गेला. पासवर्ड एकट्या त्यांनाच ठाऊक.

म्हणून उन्मेष विंडोजऐवजी पेनड्राइव्हवरची लिनक्स ही दुसरी प्रणाली लावून आत शिरू पाहत होता. नुसतं वाचण्यापुरता ड्राइव्ह उघडला. जुन्या गोष्टी मिळाल्या, त्याने उतरवूनही घेतल्या. नवी मात्र विंडोजच्या झोपेत अडकलेली. पासवर्ड पुसायचा तर ड्राइव्हवर लिहायला हवं, आणि लिहायचं तर झोपेतलं सगळं आधी मिटवायला हवं.

त्याने उल्हासनगरच्या लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या चंदरशेठला फोन लावला.

"साईं, टेन्शन कायको? फॉर्मॅट मारून देतो! चाय पिऊन ये, माल तयार."

"फॉर्मॅट नको हो, शेठ. आतलं पाहिजे."

"आतलं म्हणजे? पिक्चर-बिक्चर?"

उन्मेषने फोन कापला.

"अहो, आठवा की," सुहासिनीबाई नवऱ्याच्या तोंडाशी वाकल्या. "आपल्या लग्नाची तारीख? राजसीचा वाढदिवस?"

"अं... अं..." विष्णुपंतांनी मान फिरवली.

"आई, पुरे! काल झालं ना सगळं करून."

काल लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला होता. त्यांचं डावं बोट कळांवर चाचपडत होतं. सुहासिनीबाई एकेक अक्षर मोठ्याने वाचत होत्या, उन्मेष "ते नाही हो, बाबा" म्हणत होता. शेवटी त्यांनी लॅपटॉप ढकलूनच दिला होता.

आता उन्मेषला कंटाळा आला होता. झोप मिटवायची आज्ञा त्याने टाइप केली; एंटर दाबायचं तेवढं बाकी होतं.

"पप्पा, हे दाबल्यावर गोष्ट कुठे जाईल?" राजसीने विचारलं.

"कुठेच नाही. संपेल."

तिने खसकन पेनड्राइव्ह उपटला.

"राजसी! डोकं फिरलंय का तुझं?"

तिने लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. विंडोजने पासवर्ड मागितला. तिने लॅपटॉप आजोबांच्या मांडीवर, डाव्या हाताखाली ठेवला. सुहासिनीबाई लगेच चष्मा सावरत पुढे आल्या.

"आजी, तू तिकडे तोंड कर. पप्पा, तुम्हीपण. पासवर्ड टाकताना कुणी असं बघतं का?"

उन्मेष वळला. मग सुहासिनीबाईही वळल्या.

राजसी खिडकीच्या ग्रिलपाशी जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही तळव्यांनी डोळे घट्ट झाकून घेतले.