खंडेनवमीला कुंकू लागलेली डिस्क

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि मला किळस फार लवकर येते, हे आधीच सांगून टाकते. तुम्ही म्हणाल, लोखंडाच्या डबीला कसली आली आहे किळस. पण माझा जन्मच तसल्या जागी झाला. जिथं मला जोडलं तिथली माणसं नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत असायची, हातात मोजे, तोंडाला पट्टी. माझ्या आतल्या चकत्या आरशासारख्या लखलखीत. त्यांच्यावर धुळीचा कण बसला तर माझा निकाल लागला, म्हणून तिथली हवासुद्धा गाळून आत सोडत. असल्या माहेरातून मी निघाले आणि येऊन पडले शिक्रापुरात, चाकण रस्त्याला लागून असलेल्या महेंद्रच्या घरी, टीव्हीखालच्या फळीवर.

त्या रस्त्यानं दिवसभर ट्रक आणि कंटेनर जातात. फळी थरथरते. खिडकीतून काळी धूळ येते, पलीकडच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा धूर येतो आणि दोन्ही मिळून आमच्या अंगावर चिकट थर बसतो. एकदा पंख्यामागं झुरळानं अंडी घातली होती. ते आठवलं की आजही मला शिसारी येते.

आम्ही चौघी एका डब्यात राहत होतो. डबा काळा, त्याला शेजारी शेजारी चार खण, खणात एकेक डिस्क. मी डावीकडून तिसरी. घरातल्या मोबाईलमधले फोटो, व्हिडिओ, सगळं वाय-फायवरून आपोआप आमच्याकडं यायचं. आणि येणारी प्रत्येक गोष्ट फोडून चौघींत वाटली जायची, त्यामुळं पुरं असं कुणा एकीकडं काही नसायचं. आम्ही जणू एका घरातल्या चार जावा. एक आजारी पडली तर बाकीच्या तिघी तिचं काम ओढून न्यायच्या. पण दोघी एकदम पडल्या तर चूल बंद.

आणि वाटून काय मिळायचं म्हणता? गुलाबाच्या फुलावर सुप्रभात. त्याच फुलावर शुभ रात्री. लग्नातल्या जेवणाच्या ताटाचा फोटो, तोच पुन्हा, तोच हललेला. महेंद्र सणसवाडीच्या कंपनीत सुपरवायझर, त्याच्या गटावर रोज कुणाचा तरी वाढदिवस आणि त्या केकाचे फोटो. हे सगळं जन्मभर पोटात ठेवायचं या विचाराचीच मला किळस यायची.

फक्त एक गोष्ट वेगळी होती. महेंद्रची आई तानुबाई मूळच्या खुटबावच्या. तरुणपणी नवऱ्याबरोबर, भिमाबरोबर, मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेल्या. आयुष्यभर मिश्री लावली, आणि तीन वर्षांमागं घशात गाठ निघाली. जीव वाचवायला स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशनच्या आधी महेंद्रनं त्यांना रोज दुपारी समोर बसवलं आणि मोबाईलवर त्यांचं बोलणं भरून घेतलं. मेंढरांना हाका कशा मारायच्या, कुठली मेंढी कुठल्या नावानं यायची, भिमाशी भांडण कशावरून व्हायचं, असलं काहीबाही. मग ते सगळं डब्यात टाकलं आणि मोबाईलमधून पुसलं. चार-चार डिस्का असताना भीती कसली, असं त्याचं म्हणणं. आम्ही चौघी मिळून शेवटी एकच डबा आहोत, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

आता तानुबाईंच्या गळ्याला पांढरा रुमाल असतो. बोलता येत नाही, लिहायला कधी शिकल्या नाहीत. कुणाला बोलवायचं असेल तर तांब्यावर बांगडी वाजवतात. सून स्नेहलला दिवस गेले तसं त्यांनी एकच धरून ठेवलं होतं. खुणेनं डब्याकडं बोट दाखवायचं आणि स्नेहलच्या पोटाकडं. नातवंडानं आजीचा आवाज ऐकायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

अशात खंडेनवमी आली. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा होते. कोयता, खुरपं, मेंढरांची लोकर कातरायची जुनी कातर, शिलाई मशीन, मिक्सर, मोटारसायकल. महेंद्र कामावर, स्नेहल मागं कपडे धूत. तानुबाईंच्या मनात आलं, आपला आवाज सांभाळणाऱ्या या डब्याची पूजा आधी व्हायला हवी. आणि हत्यारांची पूजा सरसकट करायची नसते, प्रत्येकाला वेगळं पुसून वेगळं कुंकू लावायचं, ही त्यांच्या घरची रीत. डबा चालू होता. त्यांनी एक खण ओढून बाहेर काढला. डबा पिं पिं करू लागला. पूजा पावली असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी ती डिस्क ओल्या फडक्यानं पुसली, हळदकुंकू लावलं, परत बसवली आणि नारळ आणायला आत गेल्या. तेवढ्यात स्नेहलनं काढलेले झेंडूच्या तोरणाचे फोटो डब्यात येऊन पडले. मग तानुबाई आल्या आणि त्यांनी दुसरी ओढली.

दुसरी म्हणजे मी. त्या ओल्या फडक्याला खरकट्याचा वास होता. कुंकू माझ्या जोडणीच्या सोनेरी दातांत गेलं. आयुष्यात इतकी घाण मी अंगावर घेतली नव्हती. आणि मला किळस येत असतानाच डब्याचा लाल दिवा लागला आणि सगळं बंद पडलं. तानुबाईंनी मला घाईघाईनं आत ढकललं आणि नारळ न फोडताच तिथून उठल्या.

संध्याकाळी महेंद्र आला. त्यानं डबा बंद केला, चालू केला, पुन्हा बंद केला, वरून चापट्या मारल्या. मग दोन खणांवर कुंकू दिसलं तसा तो आईवर ओरडला. 'तुला कुणी सांगितलं व्हतं हात लावायला? गेला तुझा आवाज. तूच घालवला.'

तानुबाई भिंतीला टेकून बसल्या. त्यांचा आवाज आमच्यातच अडकला होता. माणसाच्या बोलण्याचीसुद्धा किळस येते, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. महेंद्रनं चौकातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून पप्पूला आणलं. त्याच्या गालात गुटखा, बोटं लालभडक, आणि त्याच बोटांनी त्यानं मला बाहेर काढून फुंकर मारली. फुंकरीबरोबर काय उडालं ते मी सांगत नाही. त्यानं घरातला लॅपटॉप जोडला आणि जाहीर केलं की दोन डिस्का निकामी दिसतायत, पण काळजी नको, नव्यानं तयार करून देतो. पडद्यावर सूचना आली होती की आतलं सगळं पुसलं जाईल. ती त्यानं वाचली नाही. मान खाली घालून बसलेला महेंद्र म्हणाला, कर काय करायचं ते.

तेवढ्यात तांब्या खणखणला. तानुबाई दारात उभ्या राहून तो चौकटीवर आपटत होत्या. स्नेहल धावत आली. पडदा बघून तिनं आधी पप्पूचा हात बाजूला केला आणि विचारलं, यानं आतलं जुनं राहील का?

'जुनं कुठलं ऱ्हातंय वहिनी? नवं म्हंजी नवंच की.'

तिनं त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. मग तिच्या कंपनीत सर्व्हर सांभाळणाऱ्या आयुषला फोन केला. तो म्हणाला, डिस्का मेलेल्या नसतील, नुसत्या निघाल्या असतील. कोरड्या ब्रशनं दात साफ करा आणि डिस्कांवर नवीन काही लिहिलं जाऊ देऊ नका. जी दुसऱ्यांदा निघाली ती आणि न निघालेल्या दोघी, अशा तिघींवर डबा उभा करता येईल. पण जी आधी निघाली तिच्याकडं नंतरचं काहीच नाही. चुकून तिलाच धरून उभा केला तर सगळं कालवून जाईल. आधी कुठली निघाली तेवढं सांगा.

तेवढंच तर कुणाला माहीत नव्हतं. कुंकू दोघींनाही लागलेलं. पडद्यावर दोघींपुढं निकामी हा एकच शब्द.

स्नेहल सासूसमोर खाली बसली. 'आत्या, कुणी रागावणार न्हाई तुम्हाला. पयला कुठला वढला, तेवढं दाखवा.'

तानुबाईंनी मान हलवली. एकदा इकडं बोट केलं, एकदा तिकडं. कालच्या ओरडण्यानं त्या इतक्या बिथरल्या होत्या की त्यांना स्वतःचंच खरं वाटेना. मग त्या उठल्या आणि पूजेचं ताट घेऊन आल्या. महेंद्र उठायला लागला, त्याला स्नेहलनं डोळ्यांनी बसवलं. तानुबाईंनी कोयत्याला कुंकू लावलं. खुरप्याला लावलं. कातरीला लावलं. मांडलेल्या हत्यारांत त्यांचा हात दरवेळी उजव्या टोकापासून सुरू होऊन डावीकडं येत होता, कारण त्यांच्या सासूनं तशी सवय लावली होती. मग त्या डब्याकडं वळल्या, आणि हात आपोआप गेला तो उजव्या टोकाच्या चौथ्या खणाकडं. तिथून माझ्याकडं. आणि तिथं थांबला.

स्नेहलनं चौथी डिस्क बाहेर काढून ठेवली. रंगकामाच्या कोऱ्या ब्रशनं माझे दात साफ केले. आयुष फोनवर सांगत गेला तसं ती लॅपटॉपवर टाईप करत गेली. पंखा फिरला, माझ्या चकत्या फिरल्या, आणि तिनं पहिलीच फाईल लावली.

माझ्याकडं त्या आवाजाचे तुकडे होते, पण पुरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. गोड वगैरे काही नव्हता. घोगरा, मोठा, माळावर पोचणारा.

'महिंद्या, ठिव की त्यो मोबाईल. चहा गार व्हतुया. येतुस का न्हाई?'

महेंद्र ताडकन उभा राहिला. 'आलो आई,' तो म्हणाला, आणि डब्याकडं निघाला. मध्येच थांबला. वळला. तानुबाई ताट हातात घेऊन मागंच उभ्या होत्या. तो त्यांच्या पायाशी बसला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला कुंकू होतं, ते त्याच्या केसांत सांडलं.

मित्रांनो, आता त्या आवाजाची एक प्रत खुटबावला आहे, तानुबाईंच्या बहिणीच्या, सरूबाईच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीत. दुसरी स्नेहलच्या कंपनीतल्या कपाटात. तुम्हीही तसंच करा. आम्हा डिस्कांवर इतका भार टाकू नका, आम्ही मरतो. केकाचे फोटो खुशाल पुसा. आणि ज्या माणसाचा आवाज सांभाळायला धडपडता, त्याच्यावर ओरडू नका.

गेल्या खंडेनवमीला तानुबाईंनी डब्याला बाहेरूनच बोट लावलं. मांडीवर नात होती. तरी थोडं कुंकू फटीतून आत आलंच, माझ्या अंगावर. घाणच ती. असू दे.