शिवणीतला खडा

मी एक जुना कपडा आहे, गाडी पुसायचा. घरात मला 'फडकं' म्हणतात. मी त्याचे वाईट वाटून घेत नाही, कारण वाईट वाटले तरी ते सांगायची सोय मला नाही. मित्रांनो, माझी सगळी कहाणी या एका अडचणीची आहे. मला कळते सगळे आणि तोंड नाही. त्यातून मी येऊन पडलो तो दातांच्या डॉक्टरांच्या घरी, जिथे जो येतो त्याला आधी तोंड उघडायला सांगतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. केसाहून बारीक धाग्यांनी मला विणले, अंगावर मऊ लव काढली आणि चारी कडांना मशीनने दुहेरी शिवण घातली. त्या शिवणीचा मला फार अभिमान होता. साधा कपडा उसवतो, मी उसवणार नव्हतो. मग मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. पिशवीवर छापले होते, 'तुमच्या गाडीच्या रंगाचा जिवलग मित्र'. मी लहान होतो. छापलेले सगळे मला खरे वाटत असे.

तिथून मी एका शोरूममध्ये आलो. एके दिवशी तिथे दातांचे डॉक्टर आणि त्यांचे धाकटे मेहुणे असे दोघे मिळून दोन नव्या गाड्या न्यायला आले. दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या आणि काळ्याभोर. विक्रेता हात चोळत समजावत होता.

"सर, आमची ट्रीटमेंट करून घ्या. रंगावर काचेसारखा थर बसतो. मग वर्षानुवर्षं गाडीकडे बघायलाच नको."

"बघायला नको म्हणजे सुटलो," मेहुणे म्हणाले, आणि त्यांनी ती करून घेतली.

डॉक्टर हसले. "अहो, मी जन्मभर लोकांच्या दातांची चमक राखतोय. दातावरचं कवच काय नि गाडीवरचा रंग काय, निगा एकच. माझी गाडी मी माझ्या हातानं राखीन."

विक्रेत्याचा चेहरा पडला. त्याने खणातून मला काढले आणि भेट म्हणून डॉक्टरांच्या हातावर ठेवले. ज्याला काहीच विकता येत नाही त्याला मी फुकट मिळत असे.

"बघू दाजी," मेहुणे किल्ली फिरवत म्हणाले, "लग्नाच्या दिवशी ज्याची गाडी चमकेल त्याच्या गाडीतून बिट्टी जाईल."

बिट्टी म्हणजे या मेहुण्यांची मुलगी. डॉक्टरांना स्वतःचे मूल नाही. बिट्टीचा दुधाचा दात हलत होता तेव्हा ती त्यांच्या खुर्चीत बसून तोंड घट्ट मिटून राहिली होती. डॉक्टरांकडे तेव्हा खडखडणारी स्कूटर होती. तरी ते म्हणाले होते, "तोंड उघड, तुझ्या लग्नात तुला माझ्या नव्या कोऱ्या गाडीतून नेईन." बिट्टीने तोंड उघडले, दात निघाला आणि डॉक्टर शब्दात अडकले. आता तिचे लग्न ठरले होते, म्हणून गाडी आली होती. घरातल्या कपाटाला, पडद्यांना, पायपुसण्याला, सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. मलाही पहिल्याच आठवड्यात ठाऊक झाली, आणि मी मनाशी ठरवले की या माणसाची गाडी आपण आरशासारखी ठेवायची.

डॉक्टरांचा दवाखाना घराच्या तळमजल्यावर आहे आणि पोर्च त्याला लागूनच. डॉक्टरांचा एक नियम होता. उन्हाने रंग फिका पडतो, म्हणून गाडी उन्हात न्यायची नाही. संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला की बाह्या वर सरकवून ते पोर्चमध्ये येत आणि ट्यूबलाइटच्या उजेडात मला घेऊन गाडी पुसत. ते दिवस सुखाचे होते. मी नवा, गाडी नवी, आणि डॉक्टर तर वयाने सर्वांत मोठे असून सर्वांत नवे वाटत.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्या हातून निसटून खाली पडलो. फार उंचावरून नाही. डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "अहो, खाली पडलेलं फडकं ते. दुसरं घ्या."

"झटकलं की," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी मला दोनदा झटकले.

धूळ उडाली, पण वाळूचा एक खडा माझ्या शिवणीत जाऊन बसला. मोहरीच्या दाण्याहून लहान, पण टोकदार. तो खडा मला कळत होता, जसा बुटातला खडा पायाला कळतो. डॉक्टरांच्या बोटांना तो कळला नाही. ते बॉनेटवर मला गोल गोल फिरवू लागले आणि माझ्या कडेखालून बारीक करकर येऊ लागली. डॉक्टर तोंडाने शीळ घालत होते. शीळ थांबली असती तर त्यांना ऐकू आले असते. पण ते खुशीत होते, आणि खुशीतल्या माणसाची शीळ कोण थांबवणार?

डॉक्टरीणबाईंनी मला धुऊन पाहिले, साबणात भिजवून पाहिले. लव स्वच्छ झाली, शिवण मात्र खडा सोडेना. कारखान्यात ती पक्की घातली होती ना.

धुतल्यावर मला दवाखान्याच्या खिडकीच्या गजावर वाळत घालत. तिथे मला रोज डॉक्टरांचा आवाज ऐकू येई. "दाबून घासू नका हो. दाबल्यानं दात स्वच्छ होत नाही, झिजतो. ब्रश खाली पडला तर तोच तोंडात घालता का? फेकून द्या." दिवसातून कितीतरी वेळा ते असे सांगत. पेशंट माना डोलवत. गजावर मीही वाऱ्याने डोलत असे. मग संध्याकाळ होई आणि डॉक्टर मला घेऊन पोर्चमध्ये येत व दाबून घासत.

एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्याच. "पेशंटला सांगता ते गाडीला लागू नाही वाटतं?"

"दातांना हिरड्या असतात," डॉक्टर म्हणाले. "गाडीला कुठे आहेत?"

डॉक्टरीणबाई आत निघून गेल्या. लग्न होऊन इतकी वर्षे झाल्यावर माणूस कुठे थांबायचे ते शिकतो.

मधूनमधून मेहुणे त्यांच्या गाडीतून येत. ती गाडी झाडाखाली उभी असे. कावळे, कबुतरे, जे कोणी वरून जाईल ते तिच्यावर आपली खूण करून जाई. डॉक्टरीणबाई भावाला म्हणत, "अरे, पूस की ते." मेहुणे म्हणत, "ट्रीटमेंट आहे ना ताई. बघायलाच नको म्हणालाय तो." आणि खरोखरच ते बघत नसत. घाण वाळत होती, खाली रंग खात होती, आणि वरचा काचेसारखा थर, तो असलाच तर, गप्प होता. मला त्या गाडीची कीव येई. तिच्याकडे तर माझ्यासारखा कपडाही नव्हता. नंतर वाटे, बरेच आहे.

लग्नाची सकाळ उजाडली. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी मला इतके फिरवले होते की माझी लव बसली. कार्यालयासमोर लख्ख ऊन होते. नव्या कोऱ्या गाडीला आयुष्यात पहिल्यांदा पुरते ऊन लागले, आणि तिच्या सर्वांगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक बारीक वर्तुळे उमटली. बॉनेटवर, दारांवर, छपरावर. प्रत्येक वर्तुळ मला ओळखीचे होते. मी मागच्या सीटवर घडी होऊन पडलो होतो आणि काचेतून डॉक्टरांचा चेहरा पाहत होतो. ते हातरुमालाने एक वर्तुळ पुसू पाहत होते. ते जात नव्हते.

"दाजी, ही नक्षी कुठून करून आणली?" मेहुणे म्हणाले.

"आधी स्वतःच्या गाडीवरचं कोड बघ," डॉक्टरीणबाई आपल्या भावाला म्हणाल्या. मेहुण्यांनी त्या दिवशी गाडी धुऊन आणली होती. घाण गेली होती, पण जिथे जिथे ती बसली होती तिथे तिथे रंग पांढुरका पडला होता.

दोघे आपापल्या गाडीशेजारी उभे राहिले, जणू दोघांनाही कोणी वर्गाबाहेर उभे केले होते. तेवढ्यात नवरदेवाला घेऊन बिट्टी बाहेर आली. तिने वडिलांची गाडी पाहिली, काकांची, म्हणजे डॉक्टरांची पाहिली. मग काकांच्या बॉनेटवरून बोट फिरवले. डॉक्टरांनी मान खाली घातली.

"काका, मी तुमच्याच गाडीतून जाणार," ती म्हणाली.

"अगं, पण ही..."

"हिला निदान कोणी रोज हात तरी लावलाय. बाबांच्या गाडीला फक्त कबुतरांनी."

सगळे हसले. मेहुणेही हसले. डॉक्टर चष्मा पुसायला लागले, तेही बराच वेळ. बिट्टी मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली. वाटेत तिने मला उचलून डोळे टिपले. मी जीव मुठीत धरून होतो, कारण खडा अजून शिवणीत होता. सुदैवाने तिने मधला भाग घेतला. माझ्या आयुष्यातली तीच एक नीट केलेली कामगिरी.

मला वाटले, आता माझी सुटका झाली. डॉक्टर कारण शोधतील, मला चाके पुसायला लावतील किंवा कचऱ्यात टाकतील. पण प्रेमाने बोललेल्या वाक्याचे पुढे काय होईल, हे बोलणाऱ्याच्या हातात नसते. लग्नाहून परत आल्यावर डॉक्टर पोर्चमध्ये मला हातात घेऊन उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "रंगच हलका दिला त्या लोकांनी. पण पोरीनं बरोबर ओळखलं बघ. रोज हात लावलाय, म्हणाली. आता सकाळीही लावत जाईन."

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, नवी असो वा जुनी, तर एवढे ऐका. आधी पाण्याने धूळ उतरू द्या. हलक्या हाताने, सरळ पुसा. कोणी पैसे घेऊन वर थर दिला असेल तरी गाडीकडे बघा. आणि कपडा एकदा खाली पडला की त्याचा कितीही लळा असला तरी त्याला रंगाला लावू नका. त्याच्या कडा चाचपून बघा. तो बिचारा काहीतरी सांगत असतो.

सकाळ झाली आहे. जिन्यावर पावले वाजत आहेत आणि शीळही ऐकू येते आहे. आता ते मला गजावरून काढतील, दोनदा झटकतील आणि नेहमीसारखे म्हणतील, "चल रे बाबा, तूच एक साथ दिलीस."