आल्विनचा नारळ

नारळी पौर्णिमेला सकाळपासून आम्हा वरळीच्या बोटवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आभारांनी भरून वाहत होता. दर्याराजाचे आभार, एकमेकांचे आभार, वर हात जोडलेले इमोजी. माझं डोकंच फिरलं.

मे महिन्यात भर समुद्रात माझ्या बोटीत पाणी भरत होतं आणि मी वायरलेसवर ओरडत होतो, तेव्हा यातल्या एकानेही आपलं जाळं सोडलं नाही. आला फक्त आल्विन, पाण्यात टाकलेलं स्वतःचं जाळं कापून. भांडखोर म्हणून त्याला यांनीच ग्रुपमधून काढलेलं.

पूजेचा नारळ उचलला आणि तडक त्याच्या घरी गेलो.

"अरे, हा दर्याचा ना?" तो म्हणाला.

"दर्या मला बुडवत होता," मी म्हटलं. "घे."