लाल कोटातली सून

"नाताळ म्हणजे सोंगं नाचवायचा दिवस नव्हे," सासरे सकाळीच कडाडले. "ज्याचा जन्मदिवस, तो राहिला बाजूला, आणि तुमचं आपलं दाढ्या चिकटवणं चाललंय!"

सुनेने लाल कोट पिशवीत कोंबला. ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती आणि यंदा नाताळबाबा व्हायचं तिने कबूल केलं होतं.

"प्रार्थनेच्या आत येते, मामंजी. गाणं माझंच आहे ना."

"बघू." चर्चमध्ये बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा मान सासऱ्यांचा होता, आणि त्यानंतर लगेच तिचं गाणं.

वॉर्डात सगळं हसतखेळत पार पडलं. पण निघताना खिडकीजवळच्या खाटेवरच्या मुलीने तिचा कोट घट्ट धरला. त्या मुलीच्या पोटाचं ऑपरेशन अचानक आजच करायचं ठरलं होतं.

"तू देवाच्या ओळखीचा ना? मग त्याला माझं सांग."

सून स्ट्रेचरबरोबर ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेली. दार मिटल्यावर तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं आणि धाबं दणाणलं. कपडे बदलायलाही सवड नव्हती.

ती चर्चमध्ये पोचली तेव्हा सासरे वाचत वाचत गव्हाणीतल्या बाळापर्यंत आले होते. दार करकरलं. अंगात लाल कोट, हनुवटीला चिकटलेला कापूस!

"नाताळबाबा!" एक पोर किंचाळलं आणि सगळी मुलं बाकं सोडून धावली. कोणी फिदीफिदी हसलं, कोणी नाकं मुरडली. नवऱ्याने मान खाली घातली.

सासऱ्यांनी वाचन थांबवलं, चष्मा काढला. ते असे मध्येच कधी थांबले नव्हते. मुलंसुद्धा जागच्या जागी चिडीचूप झाली.

"झालं तुझं?"

"नाही, मामंजी." ती दोन पावलं पुढे आली. "एक मुलगी ऑपरेशनला गेलीय. तिचा देवाला निरोप आहे. तेवढा सांगू द्या, मग हवं तर बाहेर काढा."

सासऱ्यांच्या कपाळावरची शीर ताठली होती.

"मुलांनो, खाली बसा," ते म्हणाले. "सगळ्यांनी गुडघे टेका. त्या लेकरासाठी."

नंतर सासऱ्यांनी उरलेला पाठ वाचला आणि सुनेने त्याच लाल कोटात गाणं म्हटलं.

घरी पाहुणे जमले, केक मांडला गेला. दिराने स्पीकर जोडला तसे सासरे म्हणाले, "इतक्यात नको."

"पाहुण्यांना काय सुतकात बसवायचं?" नवरा कुरकुरला.

"हॉस्पिटलचा फोन येईपर्यंत बसू दे."

कोणाला घास गोड लागेना. दुपार कलताना फोन वाजला. सून भिंतीला टेकून ऐकत राहिली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"शुद्धीवर आलीय," तिने डोळे पुसले. "विचारतेय, देव काय म्हणाला."

दिराने टाळी वाजवून स्पीकर सुरू केला. सासऱ्यांनी त्याला अडवलं नाही. ते दारात जाऊन चपला शोधू लागले.

"चल, तिला सांगायला मीही येतो. दाढी मात्र तूच लाव हं."