शेवाळी कापडाची कात्रणं

आरोंद्याच्या बाजारातून खाडीकडे उतरणारा जो रस्ता आहे, त्यावर सुगंधाचं शिलाईचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर घराची पडवी पत्रे मारून बंद केलेली, आत दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि कोपऱ्यात चिंध्यांची गोणी. तीस वर्षं तिने गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले आणि या तीस वर्षांत बोटभर कात्रणसुद्धा उकिरड्यावर टाकलं नाही. चार-पाच वर्षांनी गोणी भरली की गोधडी व्हायची, आणि ती कुणाच्या तरी बाळंतपणाला जायची.

या खेपेला गोधडी वेगळी करायची असं ठरलं ते शेजारच्या किशोरीबाईंमुळे. बाई सावंतवाडीच्या, इथल्या शाळेत शिकवायला आलेल्या. त्यांनी फोनवर एक गोधडी दाखवली. वीस चौकोन आणि वीसही वेगळ्या नमुन्यांचे. एकात तारा, एकात भिंगरी, एकात माशाच्या काट्यासारख्या तिरप्या पट्ट्या. प्रत्येक चौकोन सुटा शिवायचा आणि शेवटी सगळे जोडायचे. त्यांच्या पुण्याच्या बहिणीला तशी हवी होती. सुगंधाला नमुने बघताक्षणी आवडले. तेच ते मुंढे आणि तेच ते गळे कापून तिचा हात कंटाळला होता.

गणपती होऊन गेले होते. कामाला उसंत होती. एका दुपारी नवरा गुरुदास काजूच्या बागेत गवत काढायला गेला असताना तिने गोणी जमिनीवर उपडी केली आणि रंगांप्रमाणे ढीग लावत बसली. त्यात तिला ते पहिलं कात्रण सापडलं. शेवाळी रंग, त्यावर पांढरे बारीक ठिपके. फ्रॉकचा मुंढा कापला की बगलेकडचा जो चंद्रकोरीसारखा तुकडा उरतो, तसा तो होता. कुणाचं कापड ते तिला आठवेना, पण रंग सुरेख होता म्हणून पहिल्या चौकोनाच्या मधोमध तिने तो लावला.

दुसऱ्या दिवशी चौकोनावर इस्त्री फिरवताना तिचा हात थांबला. दर पाचवा ठिपका पांढरा नव्हता, लाल होता.

असं कापड तिने आयुष्यात एकदाच बघितलं होतं. ती आणि सुभद्रा, दोघी जुळ्या. नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा वडिलांनी वेंगुर्ल्याहून चतुर्थीसाठी सात वार कापड आणलं आणि बाजारातल्या गंगाराम शिंप्याने दोघींना सारखे फ्रॉक शिवले. त्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या एका दुपारी, ओहोटीला दोघी खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला गेल्या. सुगंधाची टोपली आधी भरली. ती बांधावर चढली. सुभद्रा म्हणाली, तू हो पुढे, मी येतंय. सुगंधा पुढे झाली. माडांपर्यंत पोचून तिने मागे बघितलं तर नुसता चिखल आणि त्यावर चढत येणारं पाणी. हाक नाही की ओरडणं नाही. थोरला भाऊ दत्तप्रसाद आणि गावातले पुरुष तीन दिवस होड्या घेऊन फिरले. काहीही मिळालं नाही. सुगंधाचा फ्रॉक आईने त्याच खाडीत सोडून दिला. याला आता बेचाळीस वर्षं झाली होती.

सुगंधाने मनाची समजूत घातली. तसलं कापड पुन्हा निघालं असेल, कुणीतरी आणलं असेल. आणि ती दुसऱ्या चौकोनाला लागली. गोणीत हात घातला तर त्याच कापडाचं आणखी एक कात्रण हाताला आलं. हेही मुंढ्याचंच. फक्त जरा मोठं.

आता शिंप्याच्या हाताला जे कळतं ते दुसऱ्याला सांगून पटत नाही. उरलेल्या कात्रणाची आतली कड म्हणजे अंगावरच्या कपड्याचीच कड. त्या कडेवर टेप फिरवला की कपडा कुणाच्या मापाचा ते कळतं. तिने टेप लावला. पहिल्याचा मुंढा साडेपाच इंच भरला. दुसऱ्याचा सहा. साडेपाच म्हणजे नऊ वर्षांची मुलगी, सहा म्हणजे अकरा-बारा वर्षांची.

त्यानंतर तिने गोणीचा नाद सोडायला हवा होता. पण तिने उलटंच केलं. सकाळी सगळ्या चिंध्या बाहेर काढून एकेक मोजली, शेवाळी एकही नाही याची खात्री केली, गोणीचं तोंड सुतळीने बांधलं आणि दुकानाला कुलूप लावून जेवायला गेली. दोन वाजता परत आली. गाठ तिने मारलेलीच होती. सोडून बघितलं तर सर्वांत वर एक गळ्याचं कात्रण. गोल नव्हे, चौकोनी. आपण पंधरा वर्षांच्या असताना शाळेतल्या पोरींत चौकोनी गळ्याचं वेड होतं, हे तिला तिथे उभ्या उभ्याच आठवलं. कापड कोरडं होतं, पण त्याला ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता.

गुरुदासला तिने दाखवलं. तो भुताखेतांना मानणारा नव्हता. त्याने तुकडा उजेडात धरला, नाकाशी नेला आणि टेबलावर ठेवून हात धुतले.

"ह्या कात्रण पाण्यात सोडून ये," तो म्हणाला. "गोधडी कर, नायतर करू नको. पण ह्या घरात नको."

ती हो म्हणाली आणि सोडून आली नाही.

त्याऐवजी ती बाजारात सत्यवानकडे गेली. गंगाराम वारून वीस वर्षं झाली होती. त्याच्या मुलाने, सत्यवानने, शिंपीकाम सोडून तयार कपड्यांचं दुकान टाकलं होतं. त्याला ते कापड चांगलं आठवत होतं, कारण त्या दोन फ्रॉकांबद्दल त्याचा बाप मरेपर्यंत हळहळत असे. सुगंधाने विचारलं, त्यातलं काही उरलं होतं का, तुमच्याकडे कुठे पडलेलं असेल का. सत्यवान म्हणाला, उरेल कसं, दोन्ही फ्रॉकांना घोळ सोडलेला, बापाने पट्ट्यासुद्धा त्यातल्याच लावल्या होत्या. मग त्याने विचारलं, आज एवढ्या वर्षांनी का विचारतेस. तिने चपला घातल्या आणि घरची वाट धरली.

पुढचे दीड महिने रोज दुपारी तिचं तेच चाललं. जेवण आटोपलं की ती दुकानाचं दार लोटून घ्यायची आणि गोणी सोडायची. रोज काही मिळायचं नाही, पण आठवड्यातून दोनदा-तीनदा मिळायचं. आणि प्रत्येक तुकडा मागच्यापेक्षा वयाने मोठा असायचा. साडेसहाचा मुंढा आला, म्हणजे बत्तीसची छाती, लग्नाच्या वयाची पोरगी. मग एक बगलेची पट्टी आली, तिच्यावर उसवलेल्या टिपेची भोकं होती. शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, म्हणजे माया, मोकळं करून ब्लाउज सैल केलेला. सुगंधाने स्वतःचे ब्लाउज असेच सैल केले होते, मुलीच्या, श्रियाच्या वेळी दिवस गेले तेव्हा. त्या दुपारी ती तो तुकडा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. म्हणजे हिलाही मूल झालं होतं तर.

भीती वाटत नव्हती असं नाही. दुपारच्या शांततेत खाडीकडून वारा आला आणि पत्रा वाजला की तिच्या अंगावर काटा यायचा. एकदा कात्री कुठे ठेवली ते सापडेना, आणि सापडली तेव्हा तिच्या पात्यांत शेवाळी धागा अडकलेला होता. तरीही ती दुपारची वाट बघायची. बेचाळीस वर्षं तिच्या मनात सुभद्रा नऊ वर्षांचीच होती, चिखलात वाकलेली. आणि आता ती डोळ्यांदेखत वाढत होती. प्रत्येक तुकडा सुगंधा एकेका चौकोनाच्या मध्यभागी लावत गेली. तारा झाला, भिंगरी झाली, काटा झाला. चौकोन शिवताना ती हलक्या आवाजात बोलायची. मी थांबायला हवं होतं, असं तिने कितीदा तरी म्हटलं असेल.

अठरा चौकोन पुरे झाले. माप अडतीसवर आलं होतं. सुगंधाचंही माप जवळपास तेच, फक्त पाव इंच कमी.

एकोणिसाव्या खेपेला गोणीतून आलं ते कात्रण नव्हतं. ती कटोरी होती. कटोरी ब्लाउजला छातीवर बसणारे जे दोन गोलसर भाग असतात, त्यांतला एक. नीट कापलेला, कडेने खडूची रेघ, माया सोडलेली, आणि टीप मात्र कुठेच मारलेली नाही.

ती ते उलटंपालटं करून बघत राहिली. कटोऱ्या कधी एकेक कापत नाहीत. कापड दुमडून दोन्ही एकदम कापतात, म्हणून त्या सारख्या निघतात. कापताना चूक झाली तर दोन्ही फुकट जातात. एकच कटोरी उरली याचा अर्थ दुसरी वापरली, आणि ही लागलीच नाही. तिने कापडाची सुलटी बाजू वर केली आणि कटोरी स्वतःच्या पोलक्यावर धरली. डाव्या बाजूची होती.

बायकांची मापं घेण्यात तिची हयात गेली होती. असा ब्लाउज तिने दोनदा शिवला होता; एकदा बांद्याच्या एका मास्तरणीला आणि एकदा स्वतःच्या मावससासूला. दोघींची एक छाती ऑपरेशनमध्ये काढलेली; एका बाजूला कटोरी, दुसऱ्या बाजूला सपाट कापड. तिने दाराला कडी लावली आणि डावी छाती चाचपून बघितली. हाताला काही लागलं नाही.

तरी संध्याकाळी ती गुरुदासला म्हणाली की उद्या सावंतवाडीला डॉक्टरकडे जायचं. का, ते तिने सांगितलं नाही. त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सकाळच्या गाडीची वेळ सांगितली.

सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, त्यांच्याही हाताला काही लागलं नाही. पण सुगंधा मशिनीवर तपासा म्हणून हटून बसली, तेव्हा त्यांनी गोव्याला चिठ्ठी दिली. तिथे मशिनीत दिसलं. वाटाण्याएवढं, खूप आत, हाडाजवळ. तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठवड्याने सांगितलं की ऑपरेशन करावं लागेल, पण अगदी वेळेत आलात. तिथला तरुण डॉक्टर फॉर्म भरत होता. त्याने विचारलं की तुम्हाला कसं कळलं, कारण एवढं लहान कुणालाच कळत नाही.

"माझ्या बहिणीला झालं होतं," सुगंधा म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं. बहीण आता कशी आहे, असं त्याने मान वर न करता विचारलं. बाजूला बसलेल्या गुरुदासने चमकून तिच्याकडे बघितलं. सुगंधाने क्षणभर विचार केला. ज्या बाईने एका कटोरीचा ब्लाउज शिवून घेतला, ती ऑपरेशनमधून उठलेली असणार. मेलेल्या माणसाला ब्लाउज लागत नाही.

"बरी आहे," ती म्हणाली.

ऑपरेशन झालं, पुढची औषधं झाली, केस गेले आणि थोडे थोडे परत आले. तोवर आंब्याचे दिवस सुरू झाले. गोणीतून पुन्हा शेवाळी काही आलं नाही. तिने दर दुपारी बघितलं, मग एक दिवसाआड, मग सोडून दिलं. एकोणिसाव्या चौकोनात ती कटोरी तशीच्या तशी, न कापता, टाके घालून बसवली. विसावा चौकोन साध्या पांढऱ्या कापडाचा केला. किशोरीबाईंना तिने सगळं सांगितलं आणि ही गोधडी विकणार नाही म्हणाली. बाईंनी गोधडीला लावलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "माझ्या बहिणीला मी दुसरं काहीतरी घेईन." त्या दिवसापासून बाई दुपारच्या कधी दुकानात आल्या नाहीत. काम असलं की सकाळी यायच्या.

मे महिन्यात दत्तप्रसाद विजयदुर्गहून बहिणीला बघायला आला. सत्तरीकडे झुकलेला, गुडघे धरलेले. चहा झाल्यावर त्याने मनातलं काढलं. भटजींना विचारून आलो आहे, म्हणाला. माणूस सापडलं नाही की दर्भाचा पुतळा करून त्याचे विधी करतात. आई असेपर्यंत तिने ते करू दिलं नाही, पण आता घरात हे आजारपण आलं, म्हणजे सुभद्रा अडकून राहिली आहे. येत्या अमावास्येला करून टाकू.

"नको," सुगंधा म्हणाली.

त्याने समजावून बघितलं. गुरुदासकडे बघितलं, पण गुरुदास मान खाली घालून सुपारी कातरत होता.

"दादा, जित्या माणसाचा क्रियाकर्म करू नये," सुगंधा म्हणाली. "मी तिची मापा बघलंय."

तिने आतून गोधडी आणली आणि पडवीत त्याच्यासमोर पसरली. दत्तप्रसादने चष्मा चढवला. त्या चतुर्थीला तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता, दोघींना नव्या फ्रॉकांत बसवून देवळात त्यानेच नेलं होतं. पहिल्या चौकोनावर त्याचं बोट टेकलं, ठिपके मोजत पाचव्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. मग सुगंधाने त्याला एकेक चौकोन सांगितला. ही अकरा वर्षांची. ही पंधराची. हंय लग्न झाला असतला. हंय पोर झाला. तो प्रत्येक चौकोनावर बोट सरकवत गेला. कटोरीवर ती आली तेव्हा त्याने चष्मा काढून पंच्याने डोळे पुसले.

"खंय आसा गो ती?" त्याने विचारलं.

"ता माका म्हायत नाय."

खाडीवरचा वारा पडवीत येत होता. गोधडीचं एक टोक उचललं गेलं आणि परत बसलं. दत्तप्रसादने त्यावर हात ठेवला.

"मोठी झाली मगे," तो म्हणाला.

"माझ्यापरीस पाव इंचान," सुगंधा म्हणाली, आणि भात लावायला आत गेली.